साबणाचं पेटंट आणि अपिलाची वाट

अंधेरी पूर्वेच्या चकाल्यात हिंदुस्तान युनिलिव्हरचं मुख्यालय आहे आणि प्रॉक्टर अँड गॅम्बलचंही. पवईत कोलगेट-पामोलिव्ह आणि घाटकोपर सोडून मुलुंडकडे निघालं की पहिल्याच स्टेशनवर, विक्रोळीत, गोदरेज. देशभरात रोज वापरल्या जाणाऱ्या साबण, टूथपेस्ट, शाम्पूमागचे कितीतरी निर्णय या एवढ्याशा पट्ट्यात होतात. पण या उपनगरांतल्या कंपन्यांची पेटंटं वैध आहेत की नाहीत, याचे वाद मात्र वर्षानुवर्षं दूरदूरच्या दारांत गेले.

1996 चा हिंदुस्तान लिव्हर विरुद्ध गोदरेज सोप्स हा खटला घ्या. दोन्ही कंपन्या मुंबईच्या, वाद साबणाच्या पेटंटाचा आणि निकाल कलकत्ता उच्च न्यायालयाचा. लिव्हरला गोदरेजविरुद्ध अंतरिम मनाई हवी होती. न्यायालयाने ती नाकारली. पेटंट नवं आहे आणि त्याच्या वैधतेलाच गंभीर आव्हान आहे, तेव्हा ते वैध धरून समोरच्याचा माल अडवता येणार नाही, असं त्यामागचं कारण. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिश्वनाथ प्रसाद प्रकरणात हेच तत्त्व घालून दिलं होतं आणि पेटंट कायद्याच्या कलम 13(4) मध्येही ते आहे. पेटंट कार्यालयाचा शिक्का ही वैधतेची हमी नव्हे. ज्याला शंका आहे, त्याने ती मांडावी आणि न्यायालयाने तपासावी. छोट्या उत्पादकाच्या दृष्टीने मला हा आपल्या कायद्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

तेव्हा पेटंट कार्यालयाच्या निर्णयांवरची अपिलं उच्च न्यायालयात जात. 2 एप्रिल 2007 पासून ती बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेली. मंडळाचं मुख्यालय चेन्नईत. मुंबईत त्याची बैठक अधूनमधून भरे. याच मंडळाने जून 2012 मध्ये टाटा केमिकल्सच्या अर्जावर हिंदुस्तान युनिलिव्हरचं पाण्याच्या फिल्टरचं पेटंट रद्द केलं. माल वेगळा असला तरी घर साबणवाल्यांचंच, आणि या निकालाचा धसका सगळ्या उद्योगाने घेतला. अध्यक्ष न्या. प्रभा श्रीदेवन आणि तांत्रिक सदस्य डी. पी. एस. परमार यांच्या पीठापुढे दोन मुद्दे निर्णायक ठरले. पहिला, शोधात पुरेसं नवं पाऊल नाही. दुसरा जास्त झोंबणारा होता: याच शोधासाठी केलेल्या आंतरराष्ट्रीय अर्जावरचा परीक्षण अहवाल भारतीय कार्यालयापुढे ठेवलाच नव्हता. कलम 8 खाली परदेशातल्या अर्जांची माहिती देणं बंधनकारक आहे. तोवर बहुतेक जण हे कलम कारकुनी काम समजत. या निकालानंतर जो तो विरोधक कलम 8 घेऊनच उभा राहू लागला. नोव्हेंबर 2014 मध्ये फिलिप्सच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने लगाम घातला: माहिती दडली म्हणून पेटंट आपोआप जात नाही, न्यायालयाने तारतम्य वापरायचं. हा बदल योग्यच होता. विसरलेला कागद आणि मुद्दाम लपवलेला कागद यांना एकच शिक्षा नको.

त्याच वर्षी अंधेरीतल्या एनर्कॉन इंडियाच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाचा आणखी एक निकाल आला. पवनचक्क्यांचा तो वाद, पण नियम सर्वांना लागू: पेटंट मिळाल्यानंतरचा आक्षेप, रद्द करण्याचा अर्ज आणि खटल्यातला प्रतिदावा, यांपैकी एकच वाट धरायची. एकाच वेळी तिन्हीकडे धावता येत नाही.

मंडळाचं पुढे जे झालं, ते दुर्दैवी होतं. 2016 मध्ये पेटंटांचे तांत्रिक सदस्य निवृत्त झाले आणि खुर्ची रिकामीच राहिली. अपिलं पडून होती, आणि पेटंटाचं आयुष्य अर्जाच्या तारखेपासून मोजून वीस वर्षं. क्रीम किंवा शाम्पू तर चार-पाच वर्षांत रूप बदलतो. निकाल येईपर्यंत माल बाजारातून गेलेला असतो. अशा अपिलाचा उपयोग कोणाला? जुलै 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला तांत्रिक सदस्याविना कामकाज चालवायला मुभा द्यावी लागली. अखेर 4 एप्रिल 2021 रोजी वटहुकूमाने मंडळच बरखास्त झालं आणि अपिलं पुन्हा उच्च न्यायालयांकडे आली. अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनातल्या पेटंट कार्यालयाच्या आदेशावर आज फोर्टमध्येच, मुंबई उच्च न्यायालयात, दाद मागता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्वतंत्र बौद्धिक संपदा विभागही सुरू केला.

वैधतेचा वाद शेवटी कशावर फिरतो, ते मात्र युरोपातल्या कडुलिंबाच्या प्रकरणात नीट दिसलं. अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना कडुलिंबाच्या तेलापासून बुरशीनाशक करण्याचं पेटंट 1994 मध्ये मिळालं होतं. म्युनिकच्या सुनावणीत पुण्याचे उद्योजक अभय फडके साक्षीला उभे राहिले. ग्रेसच्या अर्जाच्या आधी, 1985 च्या सुमारासच आपल्याकडे हे काम होत होतं, असं त्यांनी सांगितलं. मे 2000 मध्ये पेटंट रद्द झालं. कंपनीने अपील केलं आणि 8 मार्च 2005 रोजी तेही फेटाळलं गेलं. त्याआधी 1997 मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जखमेवरच्या हळदीचं अमेरिकन पेटंट पाडलं. तिथे जुन्या ग्रंथांच्या जोडीला 1953 चा एक वैद्यकीय लेख कामी आला. ‘आमची आजी हळद लावायची’ हे कितीही खरं असलं, तरी परदेशी परीक्षकापुढे लागतो तो तारीख असलेला कागद.

अंधेरीच्या एमआयडीसीत किंवा मुलुंडच्या गाळ्यात उटणं, तेल, फेसवॉश बनवणाऱ्यांना म्हणून आग्रहाने सांगावंसं वाटतं. बॅच रजिस्टर, कच्च्या मालाची बिलं, जुनी लेबलं तारखांसह जपून ठेवा. उद्या तुमच्याच कृतीवर कोणी पेटंट घेतलं तर तोच पुरावा. आपल्या मालाशी संबंधित पेटंट अर्जांवर नजर ठेवा. पेटंट मंजूर झाल्याचं प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत कोणीही हितसंबंधी आक्षेप घेऊ शकतो. त्यावरचा निर्णय विरोधात गेला, तर अपिलाला मुदत तीन महिन्यांची आहे.