अहेरीचा आठवडी बाजार

गावोगावी वसंत व्याख्यानमालांचे मांडव पडतात, त्याच्या थोडे आधी अहेरीच्या रानात मोहाचा बहर येऊन गेलेला असतो. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली पिवळट, रसाळ फुलांचा सडा पडतो आणि ऊन तापण्यापूर्वी घरातील लहानथोर सारी टोपल्या घेऊन ती वेचावयास बाहेर पडतात. हीच फुले वाळून काही आठवड्यांनी बाजारात येतात. अहेरीचे लोक काय खातात आणि काय विकतात हे समजून घ्यावयाचे, तर या फुलापासून आरंभ करणे सोयीचे.

अहेरी हे प्राणहितेच्या काठचे गाव. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन जी नदी होते ती प्राणहिता. तिच्या पलीकडे तेलंगण. पूर्वी ही मोठी गोंड जमीनदारी होती. चांदा जिल्हा 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग तो मुंबई राज्यात व 1960 साली महाराष्ट्रात आला. आणि 1982 साली गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाल्यावर अहेरी त्यात गेली. सरहद्दी अशा हलल्या तरी बाजाराची भाषा मात्र तीन पदरांचीच राहिली. मराठी, तेलुगू आणि गोंडी-माडिया या तिन्ही भाषा एकाच पालाखाली ऐकू येतात. मोहाला तेलुगूभाषक ‘इप्पा’ म्हणतात, आणि अंबाडीचा आंबट पाला मराठी घरात जितक्या आवडीने शिजतो तितक्याच आवडीने तेलुगू घरातही.

आठवडी बाजार म्हणजे फिरते दुकान. आसपासच्या गावांचे बाजाराचे वार वेगवेगळे असल्यामुळे कापड, मीठ, मिरची, सुकी मासळी, भांडी विकणारे तेच व्यापारी आज येथे तर उद्या तेथे दिसतात. रानातून येणारा माणूस मात्र सहसा एकाच बाजाराला येतो, आणि तोही पायी किंवा मिळेल त्या वाहनाने, डोक्यावर किंवा कावडीवर माल घेऊन. संध्याकाळच्या आत त्याला परतावयाचे असते. व्यापाऱ्याला घाई नसते, त्याला असते. भाव ठरताना ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते.

मोह म्हटले की शहरातल्या माणसाला फक्त दारू आठवते. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, त्यामुळे हे फूल अधिकच संशयाचे झाले. परंतु वाळलेल्या मोहफुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असतो. उकडून, भाजून, तीळ घालून कांडून, पिठात मिसळून ते खाल्ले जाते. धान्य सरले की याच फुलांवर घरे तगली आहेत. आणखी एक नवल असे की फुले वेचल्याने झाडाचे काहीच बिघडत नाही. गळून पडतो तो फुलाचा मांसल पाकळ्यांचा भाग. फळ धरणारा भाग फांदीवरच राहतो. पावसाच्या तोंडाशी त्याची बी मिळते आणि तिचे तेल निघते. एकच झाड असे दोनदा देते. दोष द्यावयाचा तो वेचण्यापूर्वी झाडाखालचा पाचोळा पेटवून देण्याच्या सवयीला द्यावा. त्या आगीने रोपे जळतात, आणि कधी कधी सारे रानच पेटते. झाडाखाली जाळी बांधली तर फुलेही स्वच्छ मिळतात आणि आगही टळते.

रानातले अन्न तोडले आणि खाल्ले इतके सोपे नसते, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना इकडे वास्ते म्हणतात, कच्चे खाल्ले तर अपाय होतो. त्यांत असलेल्या द्रव्यापासून सायनाइड तयार होते. म्हणून ते चिरून उकडतात, पाणी टाकून देतात, किंवा आंबवून ठेवतात. काही रानकंदांचे काप वाहत्या पाण्यात बराच वेळ ठेवल्यावाचून त्यांतला कडू, विषारी अंश जात नाही. कोणता कंद, किती वेळ, कोणत्या महिन्यात, हे ज्ञान बहुधा घरातील म्हाताऱ्या बायकांपाशी असते आणि ते कोठेही लिहिलेले नाही. स्वस्त धान्याच्या दुकानातील तांदूळ घरोघर आला हे चांगलेच झाले, पण कोसरीसारखे बारीक धान्य आणि हे कंद ताटातून मागे सरले की ते ओळखणारी माणसेही एकेक करून कमी होतात.

आता भावाकडे वळू. श्रीखंडावर वा बासुंदीत आपण जी चारोळी घालतो, ती अशाच रानांतून येते. फळाचे टणक कवच फोडून आतील दाणा काढावा लागतो. बस्तरच्या बाजारांत एके काळी मिठाच्या मापाला चारोळीचे माप दिले जाई, ही गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. तसे उघड आता होत नाही, पण मापाची गोम संपलेली नाही. 1956 च्या कायद्याने मेट्रिक वजने आली, तरी रानचा माल अनेकदा पायलीने घेतला जातो आणि पुढे किलोने विकला जातो. घेताना पायली शीग लावून भरायची आणि देताना सपाट, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. शिवाय मोहफूल सर्वांच्या घरी एकाच वेळी येते, म्हणून चैत्रात भाव पडलेला असतो. पावसाळ्यात तोच मोह विकत घ्यावयास जावे तर महाग. फूल पुरते वाळले नाही तर आंबते, म्हणून साठवावयास कोरडी जागा लागते, आणि ती व्यापाऱ्यापाशी असते.

कायद्याचाही या टोपलीत मोठा हात आहे. 1927 च्या वन कायद्याने मोहफूल व मोहाची बी यांना वनोपज ठरविले, मग झाड रानात असो वा शेताच्या बांधावर. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी वेचणाऱ्यांना दिली. गडचिरोलीतीलच मेंढा-लेखा या गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 साली ते आपला बांबू स्वतः विकू लागले. केंद्राने 2013-14 पासून चारोळी, चिंच, मध, मोहाची बी अशा मालाला किमान आधारभूत भावाची योजना आणली, आणि 2021 साली महाराष्ट्र शासनाने मोहफुले वेचणे, साठविणे व नेणे यांवरील बंधने उठविण्याचा निर्णय घेतला.

कागदावर मालकी मिळाली तरी बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन आलेल्या बाईला संध्याकाळच्या आत घरी जावयाचे असते. तिच्या गावात ग्रामसभेचा एक खरा तराजू आणि एक कोरडी खोली असेल, तर चैत्रातला मोह श्रावणापर्यंत ठेवता येतो. जेथे तशी खोली झाली नाही, तेथे पायली भरते तीच, शीग लावून.