कढईतले उरलेले तेल गाडीच्या टाकीत?

चकल्या, शेव, करंज्या तळून झाल्या की कढईत उरलेल्या काळपट तेलाचे करायचे काय? कुणी ते भाजीला वापरून संपवते, कुणी सरळ सिंकमध्ये ओतते. आमच्याकडे ते एका बरणीत पुढच्या सणापर्यंत पडून असते! पण याच तेलापासून बायोडिझेल बनते, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

तेल गाळून त्यातले पाणी काढतात. मग मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून ते साधारण 60 अंश तापमानावर ढवळतात. जाड तेलाचे पातळ इंधन होते आणि तळाशी ग्लिसरीन बसते, जे साबणाच्या कामी येते. हे इंधन डिझेलमध्ये मिसळून वापरता येते, त्यात गंधक जवळजवळ नसते आणि धूरही कमी होतो. मात्र घरी हा प्रयोग मुळीच करू नका. मिथेनॉल विषारी असते आणि चटकन पेट घेते. तळणीचे तेल तसेच टाकीत ओतले, तर इंजिनच बिघडेल.

आपल्या देशाने आधी भिस्त ठेवली होती मोगली एरंडावर, म्हणजे जट्रोफावर. 2003च्या सुमारास पडीक जमिनीतून इंधन पिकवण्याची स्वप्ने पाहिली गेली. पण पाण्याखतावाचून झाडाला पुरेसे बी धरेना, आणि शेतकऱ्यांनी त्याचा नाद सोडला. 2018च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने वापरलेल्या खाद्यतेलालाही कच्चा माल मानले आणि 2030पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले. तो पल्ला अजून फार दूर आहे.

गंमत म्हणजे तेल कमी नाही, ते भलतीकडे जाते. मोठ्या स्वयंपाकघरांतले टाकाऊ तेल स्वस्तात विकले जाते आणि पुन्हा एखाद्या गाडीवरच्या कढईत उकळते. सारखे तापवल्याने तेलात घातक घटक वाढतात. त्यांचे प्रमाण 25 टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी बाद, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018मध्ये लागू केला. असे तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्यासाठी 'रुको' मोहीमही त्याच वर्षी सुरू झाली. म्हणजे प्रश्न फक्त इंधनाचा नाही, मुलांच्या हातातल्या समोशाचाही आहे.

एका घरचे अर्धा लिटर तेल न्यायला कुणी येणार नाही, पण सोसायटीने मिळून एक कॅन भरला तर अधिकृत संकलकाशी बोलता येते. तेल पूर्ण गार होऊ द्या, गाळा, पाण्याचा थेंबही जाऊ न देता कोरड्या बाटलीत भरा आणि वर 'वापरलेले तेल' अशी चिठ्ठी लावा, नाहीतर कुणीतरी त्यात पुऱ्या तळेल!