टाकी तयार, पण मासा कुठाय?

समजा तुमच्या घरी काचेची नवीकोरी टाकी आली आहे. तळाशी पांढरी वाळू पसरलीत, दगड रचलेत, पंप घुरघुरतोय, दिवा लागलाय. पाणी कसं लख्ख दिसतंय! आता धाकट्या बहिणीपासून आजोबांपर्यंत जो तो एकच प्रश्न विचारणार, "अरे, यात मासा कुठाय?"

तुम्ही शांतपणे सांगायचं, "मासा अजून महिना-दीड महिना तरी नाही."

सगळे हसतील. हसू द्या! खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात पहिला मासा सोडण्याआधी टाकीत दुसरंच कुणीतरी राहायला यावं लागतं. ते कोण, ते पुढे सांगतो. आधी पाण्याचं बघू.

तुम्ही म्हणाल, मुंबईत किंवा रत्नागिरीत राहणाऱ्यांची तर चैनच आहे. बादली घेऊन किनाऱ्यावर जायचं आणि समुद्र घरी आणायचा! पण किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी असतं, बोटींचं तेल असतं, आणि पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळून त्याचा खारेपणाही उतरतो. त्यापेक्षा समुद्र घरीच बनवलेला बरा. ही युक्ती नवीन नाही. फिलिप हेन्री गॉस नावाच्या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १८५४ साली वेगवेगळे क्षार पाण्यात मिसळून कृत्रिम समुद्रपाणी तयार केलं होतं.

मग स्वयंपाकघरातलं मीठ ओतलं तर? छे! समुद्राच्या क्षारांत साध्या मिठाचा वाटा सर्वांत मोठा हे खरं, पण त्याशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशी बरीच मंडळी त्यात असतात. म्हणून मत्स्यालयासाठी मुद्दाम बनवलेलं क्षारमिश्रण दुकानातून आणायचं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच टाकीत ९६ लिटर पाणी मावतं. करा गुणाकार! साडेतीन किलोला थोडं कमी, एवढं मिश्रण लागेल. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून आरओ यंत्राचं पाणी घ्यायचं. ते बादल्यांत साठवून त्यात मिश्रण हळूहळू घालायचं आणि छोट्या पंपाने दिवसभर ढवळत ठेवायचं. खारेपणा मोजायला हायड्रोमीटर मिळतो. त्यावर १.०२५ च्या आसपास आकडा आला, की तुमचा समुद्र तयार.

एवढं पाणीच जवळजवळ शंभर किलो भरतं, हे मात्र विसरू नका. वर काच, वाळू आणि दगड वेगळेच. डुगडुगत्या टेबलावर टाकी ठेवली, तर सगळा समुद्र खालच्या मजल्यावर पोचेल! आणि खाऱ्या पाण्यातून वीज झटकन वाहते. पंप, हीटर, दिवा यांची जोडणी मोठ्यांनीच करायची. टाकीत हात घालण्यापूर्वी बटणं बंद, म्हणजे बंद.

आता एक कोडं. आठ दिवसांनी बघता तर टाकीतलं पाणी दोन बोटं खाली गेलेलं. कोणतं पाणी ओतून ती भरायची, खारं की साधं? बहुतेक जण 'खारं' म्हणतात आणि फसतात. मिठागरं पाहिली आहेत ना? उन्हाने पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. तुमच्या टाकीतही तेच झालेलं असतं. म्हणून साधं पाणी ओतायचं.

आता येऊ मुख्य गोष्टीकडे.

मासा खातो, शी करतो, कल्ल्यांवाटे श्वास घेतो. या सगळ्यातून पाण्यात अमोनिया उतरतो. कल्ल्यांतून तर तो थेटच बाहेर पडतो. हा अमोनिया माशासाठी विषच. समुद्र अफाट, त्यामुळे तिथे तो पसरून जातो. टाकीत तो जाणार कुठे? मासा आपल्याच घाणीत कोंडला जातो. त्याचे कल्ले भाजल्यासारखे होतात, तो पृष्ठभागावर येऊन धापा टाकतो आणि दोन-चार दिवसांत मरतो. खाऱ्या पाण्याचा सामू ८ च्या वर असल्यामुळे अमोनिया तिथे जास्तच घातक ठरतो. आणि गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, भीतीच वाटावी अशी गोष्ट: हे सगळं होत असताना पाणी दिसायला अगदी स्वच्छ असतं!

यावर निसर्गाने उपाय ठेवला आहे. काही जीवाणू अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात. दुसरे जीवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि हे नायट्रेट थोड्या प्रमाणात मासे सहज सोसतात. हेच ते तुमच्या टाकीतले पहिले भाडेकरू! दगडांवर, वाळूच्या कणांवर आणि फिल्टरच्या स्पंजात ते बिऱ्हाड थाटतात. पण आहेत महा-सावकाश. दह्याचे जीवाणू एका रात्रीत दूध विरजवून मोकळे होतात. यांना संख्या दुप्पट करायलाच पुष्कळ तास, कधीकधी पूर्ण दिवस लागतो. म्हणून चार ते सहा आठवडे थांबायचं.

पण मासाच नाही, तर हे खाणार काय? पूर्वी काही जण यासाठी डॅमसेल नावाचे काटक, स्वस्त मासे सोडत. जगले तर जगले, मेले तर मेले! मला विचाराल तर हा सरळसरळ दुष्टपणा आहे, आणि त्याची गरजही नाही. बाजारातून एक कच्ची कोळंबी आणा आणि जाळीच्या पिशवीत बांधून टाकीत सोडा. ती कुजते आणि अमोनिया तयार होतो. वास थोडा येईल, घरच्यांची समजूत तुम्ही काढा! ओळखीच्या कुणाकडे चालू, निरोगी मत्स्यालय असेल तर त्यातली मूठभर ओली वाळू मागून आणा. हे झालं विरजण.

आता वही काढा. दुकानात पाणी तपासायचं किट मिळतं. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि आलेला रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. दर दोन दिवसांनी अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट यांचे आकडे लिहा, आलेख काढा. आधी अमोनिया वर चढेल. मग तो उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल. शेवटी तेही उतरून नायट्रेट दिसू लागेल. न दिसणाऱ्या जीवांची हालचाल तुम्ही कागदावर पाहत असता!

मध्येच एके दिवशी वाळूवर पिंगट थर चढलेला दिसेल. घाबरून सगळं धुऊन काढू नका. नव्या टाकीत डायटम नावाची सूक्ष्म शैवालं अशी येतात आणि आपोआप जातात. स्पंजही नळाखाली धुवायचा नाही. क्लोरीनने तुमचे भाडेकरूच मरतील.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की एक शेवटची परीक्षा. कोळंबीचा छोटा तुकडा पुन्हा टाकायचा आणि रोज तपासायचं. आकडे शून्यावरच राहिले, तर टाकी पास! तुकडा काढून टाका, थोडं पाणी बदला. पाणी २५-२६ अंशांवर आहे ना, तेही पाहा. आपल्याकडे मे महिन्यात ते सहज ३० च्या वर जातं, तेव्हा पृष्ठभागावर छोटा पंखा लावावा लागतो. वीज गेली तर काय, याचाही विचार हवा. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असू द्या.

आणि आता मासा. एकच! एकदम चार आणले तर जीवाणूंना तेवढी घाण आवरणार नाही. सुरुवातीला विदूषक मासा, म्हणजे क्लाउनफिश, चांगला. पण दुकानदाराला विचारा, "हा समुद्रातून पकडलेला की संवर्धन केंद्रात जन्मलेला?" केंद्रात जन्मलेलाच घ्या. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूतल्या मंडपम इथे विदूषक माशांची पैदास करून दाखवली आहे, त्यामुळे प्रवाळबेटांवरून मासे ओरबाडायची गरज नाही. प्रवाळ आणि समुद्री घोडे तर आपल्याकडे कायद्याने संरक्षित आहेत. कुणी "देतो गुपचूप" म्हणालं, तरी घ्यायचे नाहीत.

मासा घरी आला की पिशवी टाकीच्या पाण्यावर वीसेक मिनिटं तरंगत ठेवा. मग त्याला पिशवीतल्या पाण्यासकट एका भांड्यात घ्या आणि बारीक नळीने टाकीतलं पाणी तासभर थेंब-थेंब सोडा. त्यानंतर मासा तेवढा अलगद टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी नको. दिवा मालवा. त्या दिवशी खाऊ देऊ नका, काचेवर टकटक करू नका. तो दगडाआड लपून बसेल. आजोबा पुन्हा विचारतील, "अरे, मासा कुठाय?"