काचेतला समुद्र (लेखांक ९) : आधी ओळख, मग उपाय

दुकानातल्या निळ्या दिव्यांखाली प्रत्येक कोरल झगमगतं. रंगावरून ओळख ठरवायची सवय लागली, की पुढची सगळी गणितं चुकत जातात. एकाच जातीचं प्रवाळ मंद उजेडात तपकिरी तर प्रखर उजेडात हिरवं किंवा जांभळं दिसू शकतं. तपकिरी छटा त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांची असते, झळाळणारे रंग प्रवाळाच्या स्वतःच्या प्रथिनांचे असतात, आणि उजेड बदलला की दोन्हींचं प्रमाण बदलतं. म्हणून विक्रेत्याला पांढरा दिवा लावायला सांगा आणि रंग सोडून घडण पाहा.

सर्वात आधी पॉलिपचे, म्हणजे प्रवाळातल्या एकेका जीवाचे, बाहू मोजावेत. बाहू आठच असतील आणि प्रत्येकाच्या दोन्ही कडांना बारीक झालर असेल, तर ते मऊ प्रवाळांच्या किंवा समुद्रपंख्यांच्या कुळातलं. झेनिया, सार्कोफायटन ही त्यातली ओळखीची नावं. बाहू साधे, बिनझालरीचे आणि बहुधा सहाच्या पटीत असतील, तर दगडी प्रवाळं आणि समुद्रपुष्पं यांच्या बाजूला शोध घ्यायचा. गोनिओपोरा आणि अल्व्हिओपोरा या दोघांत भलेभले फसतात, कारण दोन्हींचे पॉलिप लांब देठांवर डोलत असतात. पॉलिप पूर्ण फुलेपर्यंत थांबा, काचेला भिंग लावा आणि एकाच पॉलिपचे बाहू सावकाश मोजा. चोवीस भरले तर गोनिओपोरा, बारा भरले तर अल्व्हिओपोरा. या छंदात इतकी स्वच्छ खूण क्वचितच मिळते.

गोलाकार ढेकळासारख्या वाढणाऱ्या प्रवाळांत पॉलिपच्या घरांच्या भिंती पाहायच्या. शेजारच्या दोन घरांत एकच सामाईक भिंत असेल तर बहुतेक फेव्हायटिस. प्रत्येकाची भिंत वेगळी आणि मधे बारीक चर असेल तर डिप्सॅस्ट्रिया, ज्याला जुन्या पुस्तकांत आणि दुकानांत अजूनही फेव्हिया म्हणतात. फांद्या फुटणाऱ्यांत टोकाकडे नजर टाका. अक्रोपोराच्या प्रत्येक फांदीच्या अगदी शेंड्यावर एक मोठं, उठून दिसणारं घर असतं आणि त्याच्या जोरावर ती फांदी वाढते. मॉन्टिपोराला असा शेंड्याचा पॉलिप नसतो. युफिलियाच्या भाऊबंदांत बाहूंची टोकं पाहिली की पुरतं: हातोड्यासारखी असतील तर हॅमर, फाटे फुटून त्यांवर गोळे असतील तर फ्रॉगस्पॉन, नुसतीच गोल असतील तर टॉर्च.

हे सगळं नुसत्या नावासाठी नाही. ट्युबॅस्ट्रिया, म्हणजे दुकानातलं ‘सन कोरल’, हे भडक नारिंगी प्रवाळ घ्या. त्याच्या पेशींत शैवालं नसतात. दिव्यावर ते जगत नाही, त्याला वरचेवर भरवावं लागतं. ओळख चुकली तर ते उपाशी मरतं. ओळख बरोबर असली तरी त्याच्या निमित्ताने टाकीत रोज अन्न पडतं, अन्नातून फॉस्फेट येतं आणि फॉस्फेटवर शेवाळ पोसतं. टाकीत कोण राहतंय हे कळल्याशिवाय किती अन्न टाकायचं हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय शेवाळाशी लढण्यात अर्थ नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालच्या उथळ पाण्यात पोरायटिस, टर्बिनारिया यांसारखी दगडी प्रवाळं आहेत. १९८७ पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे. २००१ पासून भारतातली सर्व दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला मिळतं त्या दर्जाचं संरक्षण त्यांना आहे. आपल्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा किंवा त्याने मढलेला दगड टाकीसाठी उचलणं गुन्हा आहे. कुणी ‘लोकल’ म्हणून स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका. त्या पाण्यातली प्रवाळं आधीच गढूळपणा आणि वाढत्या उष्णतेशी झुंजत आहेत.

आता शेवाळ. ‘टाकीत तपकिरी थर आलाय, काय घालू?’ या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, कारण तो थर तीन वेगवेगळ्या जीवांचा असू शकतो आणि एकावरचा इलाज दुसऱ्याला वाढवतो. नव्या टाकीत वाळूवर धुळीसारखा बसणारा, बोट फिरवताच उडणारा थर बहुधा डायटमचा. त्यांचं कवच सिलिकाचं असतं आणि पाण्यातलं सिलिकेट संपत आलं की ती बहुतेक आपोआप ओसरतात. पाण्याबरोबर नवं सिलिकेट येऊ नये म्हणून पाणी शुद्ध हवं, आणि घरातल्या पिण्याच्या आरओ यंत्राचं पाणी इथे चालत नाही. चवीसाठी त्यात थोडं मूळ पाणी किंवा क्षार परत मिसळलेले असतात. आरओनंतर डीआय रेझिन लावून टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्यावर आणलेलंच पाणी वापरा.

दुधावरच्या सायीसारखा अखंड उचलला जाणारा लालसर-किरमिजी पापुद्रा, आणि नळीने ओढताना कुबट वास, ही सायनोबॅक्टेरियाची लक्षणं. लोक त्याला शेवाळ म्हणत असले तरी हे जिवाणूच. पाणी जिथे साचून राहतं तिथे आधी प्रवाह वाढवा, थर नळीने ओढून काढा, कुजकं साठू देऊ नका.

तिसरा आणि सर्वात त्रासदायक प्रकार डायनोफ्लॅजेलेटचा: शेंबडासारख्या तपकिरी तारा, त्यांत अडकलेले बुडबुडे, दुपारी दाट आणि रात्री विरळ. शंखगोगलगायी मरायला लागल्या तर संशय आणखी पक्का. खात्री करायला घरच्या घरी एक चाचणी करता येते. थोडा थर टाकीच्याच पाण्यासह काचेच्या बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफी गाळायच्या कागदातून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात पुन्हा तारा जुळून आल्या, तर ते डायनोफ्लॅजेलेट. गाळणीतून निसटलेल्या सुट्या पेशी परत एकत्र येतात. मी हे बघते तेव्हा दर वेळी थक्क होते.

या चाचणीवर पुढचं सगळं अवलंबून आहे. डायनोफ्लॅजेलेट पुष्कळदा अशा टाक्यांत फोफावतात जिथे नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेलेली असतात, कारण त्यांच्याशी जागेसाठी स्पर्धा करणारे बाकीचे जीव तिथे उपासमारीने मागे हटलेले असतात. तिथे फॉस्फेट शोषणारं माध्यम आणखी घालणं म्हणजे आगीत तेल. उलट नायट्रेट ५ पीपीएमच्या आसपास आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमपर्यंत येऊ द्यावं लागतं. शून्य हे ध्येयच नव्हे. प्रवाळालाही थोडं फॉस्फेट लागतं.

हिरव्या केसाळ शेवाळाची गोष्ट वेगळी. टाकी हिरवीगार आणि फॉस्फेटची चाचणी मात्र शून्य दाखवते, याने अनेक जण चक्रावतात. फॉस्फेट आहेच, ते शेवाळाच्या अंगात गेलेलं आहे. शिवाय जुने खडक ते धरून ठेवतात आणि सावकाश सोडतात. म्हणून हाताने उपटून बाहेर काढणं हा कष्टाचा असला तरी खरा उपाय आहे, कारण शेवाळाबरोबर त्याने साठवलेलं फॉस्फेटही टाकीबाहेर जातं.

खडक बाहेर काढून घासणार असाल तर आधी त्यावर झोअँथस किंवा पॅलिथोआ नाहीत ना, हे बघा. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. असा खडक कधीही उकळत्या पाण्यात टाकू नका, गरम पाण्याने घासू नका. वाफेतून विष फुप्फुसांत गेल्याने कुटुंबंच्या कुटुंबं रुग्णालयात पोहोचली आहेत. हातमोजे आणि चष्मा घाला, मुलांना दूर ठेवा. प्रवाळ ओळखता येण्याचा हा सर्वात तातडीचा उपयोग.

उपटून झाल्यावर शेवाळ चरणारे जीव हवेत. ते नसले की काय होतं, हे समुद्रातच दिसलं आहे. जानेवारी १९८३ मध्ये पनामाच्या किनाऱ्यावर डायाडेमा जातीचे लांब काट्यांचे सागरी साळू मरायला लागले आणि साधारण वर्षभरात कॅरिबियन समुद्रातले नव्वद टक्क्यांहून अधिक साळू गेले. जमैकात अतिमासेमारीने शेवाळ खाणारे मासे आधीच विरळ झाले होते, १९८० च्या ॲलन चक्रीवादळाने प्रवाळं मोडली होती. साळू गेल्यावर चरणारं कुणी उरलं नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पन्नास टक्क्यांहून जास्त असलेलं जिवंत प्रवाळाचं आच्छादन नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्क्यांखाली आलं आणि ती जागा शेवाळाने घेतली. घरच्या टाकीत हेच काम ट्रोकस आणि टर्बो गोगलगायी करतात, मोठी टाकी असेल तर टँग मासे. मात्र एकदम ढीगभर गोगलगायी सोडू नका. शेवाळ संपलं की त्या उपाशी मरतात आणि त्यांच्या कुजण्यातून फॉस्फेट पुन्हा पाण्यात येतं. थोड्या सोडा, काचेवर त्यांनी चरलेल्या वाटा दिसायला लागेपर्यंत थांबा, मग गरज वाटली तरच वाढवा.

पुढच्या आठवड्यात: सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या दुसऱ्या टाकीत, रात्रीचा दिवा लावून केटोमॉर्फा हे उपयोगी शेवाळ कसं वाढवायचं आणि किती दिवसांनी छाटायचं.