विश्लेषण : स्वमग्न व्यक्तींसाठी एक साधे इंजेक्शन इतके अवघड का ठरते? तयारी कशी करावी?

क्लासहून परतताना १७ वर्षांच्या मुलाला गल्लीतले कुत्रे चावले, असे समजू. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन झाली, मुलाला सरकारी रुग्णालयात नेले. तिथे रेबीजची लस बहुधा त्वचेत देतात. पहिली मात्रा लगेच, त्यानंतर ३, ७ आणि २८ व्या दिवशी. प्रत्येक वेळी दोन्ही दंडांवर एकेक टोचणी, म्हणजे एकूण आठ. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. रेबीजची लक्षणे दिसू लागली की रुग्ण वाचण्याची शक्यता जवळपास संपते, त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणता येत नाही.

हा मुलगा स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक असेल आणि पहिल्या मात्रेला चौघांनी त्याला दाबून धरले असेल, तर तिसऱ्या दिवशी तो रुग्णालयाच्या फाटकातूनही आत जाणार नाही. उरलेल्या तीन मात्रा द्यायच्या कशा?

भीती नेमकी कशाची?

बरेचदा सुईची कमी आणि सुईपर्यंत पोहोचण्याची जास्त. लुकलुकणारी ट्यूबलाइट, स्पिरिटचा वास, रडणारी बाळे, नावांचा पुकारा आणि मग अनोळखी माणसाने न सांगता दंडाला लावलेला गार बोळा. आवाज, प्रकाश, स्पर्श यांची जाणीव नेहमीपेक्षा फार तीव्र किंवा फार कमी असणे हे स्वमग्नतेचे लक्षण म्हणून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदान-नियमावलीत नोंदले गेले. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर सेन्सरचा गेन वाढवून ठेवलेला असतो आणि तो कमी करण्याचे बटण त्या व्यक्तीच्या हातात नसते.

त्यात अनिश्चिततेची भर. ‘पाच मिनिटांत नंबर येईल’ असे सांगून पाऊण तास बसवले, तर त्या पाऊण तासातच सहनशक्ती संपलेली असते. मग जो उद्रेक होतो त्याला बघणारे ‘हट्ट’ म्हणतात. उलटही घडते. चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, म्हणून दुखत नसेल असे गृहीत धरले जाते. अनेक स्वमग्न व्यक्तींना आपल्याला काय होते आहे, हे त्या क्षणी शब्दांत सांगता येत नाही.

‘मुंगी चावल्यासारखे’ म्हणावे का?

नको. शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलाला मुंगी कशी चावते हे माहीत असते. सुई तशी नसते, आणि पुढच्या वेळी तो आपल्यावर विश्वास ठेवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने लसीकरणातील वेदना कमी करण्यासाठी २०१५ मध्ये दिलेल्या सूचनांतही खोटा दिलासा टाळून साधे, तटस्थ शब्द वापरावेत, असे म्हटले आहे. ‘आता टोचते आहे, दंडाला टोचल्याचे कळेल, मी तीन म्हणेपर्यंत सुई बाहेर येईल’ एवढे पुरते. मात्र तीन म्हणजे तीनच!

चक्कर येत असेल तर?

रक्त, सुई, जखम यांचा फोबिया इतर फोबियांपेक्षा वेगळा आहे. आधी हृदयाचे ठोके वाढतात, मग एकदम मंदावतात, रक्तदाब घसरतो आणि माणूस कोसळू शकतो. अशांना ‘अंग सैल सोड’ हा सल्ला उलटा पडतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऑस्ट यांनी १९८० च्या दशकात मांडलेली पद्धत स्नायू आवळण्याची आहे. हात, पाय आणि पोटाचे स्नायू १० ते १५ सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत आवळायचे, मग २० ते ३० सेकंद पूर्ववत. असे पाच वेळा. ज्या दंडात सुई द्यायची तो मात्र सैल ठेवायचा. याचा सराव घरी आधीच व्हायला हवा.

घरी काय करता येते?

लसीकरण केंद्राचे फोटो काढून ठेवावेत : फाटक, बाक, खोली, खुर्ची. त्यांचा क्रम लावून छोटी चित्रकथा करावी, अगदी मोबाइलच्या गॅलरीतही चालते. अशा गोष्टींची पद्धत अमेरिकेतील शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केली. शेवटच्या फोटोनंतर काय, म्हणजे घरी जायचे की भेळ खायची, हेही त्यात असावे. लशीनंतर अर्धा तास थांबावे लागते, ते पान लोक हमखास विसरतात. मुलाच्या लेखी सुई झाली म्हणजे काम संपले, आणि नेमका तिथे गोंधळ होतो.

त्वचा बधिर करणारे लिडोकेन-प्रिलोकेनचे मलम डॉक्टरांना विचारून साधारण तासभर आधी लावता येते. हेडफोन, काळा चष्मा चालतो. नंबर येईपर्यंत बाहेर रिक्षात किंवा झाडाखाली थांबतो, फोन करा, अशी विनंती आधीच करावी. वेळ हाताशी असेल तर समुपदेशकाच्या मदतीने पायरीपायरीने सराव होतो : आज फक्त फाटकापर्यंत, मग बाकापर्यंत, मग सुईविना सिरिंज हातात.

कुत्रा चावल्यावर मात्र एवढा वेळ नसतो. तेव्हा सुरुवातीलाच डॉक्टरांना दुसऱ्या पर्यायाबद्दल विचारावे. स्नायूत दिल्या जाणाऱ्या लशीला पाच फेऱ्या होतात, ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, पण प्रत्येक वेळी सुई एकच. काहींना जास्त फेऱ्या परवडतात, दुसरी सुई नाही. परिचारिका, खोली आणि वेळ शक्यतो तीच मागावी. धरावेच लागले, तर कोण, कुठे आणि किती वेळ धरणार हे आधी सांगून, कमीत कमी माणसांनी.

पालकांची स्वतःची भीती?

‘लशीमुळेच ऑटिझम झाला’ ही शंका घरात असेल तर मुलाला ती जाणवते. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला, अवघ्या १२ मुलांवरचा तो निबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला. डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासात २०१९ मध्ये गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा असा संबंध आढळला नाही.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. त्याचे कलम २५ सरकारी आणि खासगी रुग्णालयांतील अडथळाविरहित प्रवेशाबद्दल आणि तपासणी-उपचारांतील प्राधान्याबद्दल बोलते. रांगेतून आधी सोडा म्हणणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे.

एकट्याने जाणाऱ्या प्रौढांना खिडकीवर हे सगळे बोलून सांगणे जमेलच असे नाही. मोबाइलवर चार ओळी लिहून ठेवाव्यात आणि स्क्रीन पुढे करावा : ‘मी ऑटिस्टिक आहे. हात लावण्याआधी सांगा. मला आडवे झोपून इंजेक्शन हवे आहे. उत्तर द्यायला मला वेळ लागतो.’