डिस्कला जमीन कळत नाही

डिस्क गोल्फचा एखादा मुरलेला, उजव्या हाताने खेळणारा खेळाडू डिस्क फेकतो तेव्हा ती टेकेपर्यंत नजर हलवू नका. हातातून ती सरळ सुटते. थोडी पुढे गेली की हळूच उजवीकडे झुकते आणि बघणाऱ्याला वाटतं, गेला नेम! मग वेग ओसरू लागतो आणि तीच डिस्क डावीकडे वळते, वळतच जाते आणि नेमकी ठरलेल्या जागी उतरते. वाटेत तिला कुणी हात लावलेला नसतो. मग ती वळली कशी? आणि तीही दोनदा, दोन विरुद्ध दिशांना?

हा खेळ अमेरिकेतला. गोल्फसारखाच, पण चेंडू-काठीऐवजी प्लॅस्टिकची तबकडी आणि खड्ड्याऐवजी खांबाला साखळ्या लावलेली टोपली. पहिलं कायमस्वरूपी मैदान १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ला कन्याडा फ्लिंट्रिज इथल्या ओक ग्रोव्ह उद्यानात झालं. ते उभारणारे एड हेड्रिक हे फ्रिस्बीच्या सुधारित रचनेचं पेटंट घेतलेले गृहस्थ. आणि मैदानाच्या शेजारी काय आहे? ‘नासा’ची जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी! एकीकडे ग्रहांवर यानं धाडणारी माणसं आणि कुंपणापलीकडे तबकड्या धाडणारी. नियम मात्र दोघांनाही न्यूटनचेच.

डिस्क उडते ती विमानाच्या पंखासारखीच. हवा कापत जाताना ती हवेला खाली ढकलते आणि हवा तिला वर उचलते. पण नुसता पंख फेकून बघा, दोन कोलांट्या खाऊन तो पडेल. डिस्क तशी पडत नाही, कारण ती गरगरत असते. जोरदार फेकीत सेकंदाला वीसेक गिरक्या सहज होतात.

आता भोवरा आठवा. फिरता भोवरा कलला तरी आडवा होत नाही. कललेल्या अवस्थेतच डोकं गोल फिरवत राहतो. फिरणाऱ्या वस्तूचा हा विलक्षण स्वभाव आहे: तिला एका जागी ढकला, परिणाम दिसतो पाव फेरा पुढे. आपल्या पृथ्वीचा अक्षदेखील याच नियमाने सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा पुरा करतो. जो नियम पृथ्वीला, तोच हातातल्या पावणेदोनशे ग्रॅमच्या प्लॅस्टिकला!

उजव्या हाताने, छातीसमोरून बाहेरच्या बाजूला फेकलेली डिस्क वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. वेगात असताना हवेचा उचलणारा जोर तिच्या मध्याच्या जरा मागे पडतो. शेपूट उचललं जातं, म्हणजे नाक दाबलं जातं. पण फिरणारी वस्तू ती! दाब पडला नाकावर आणि खाली गेली पाव फेरा पुढची, म्हणजे उजवी कड. म्हणून पहिलं वळण उजवीकडे. पुढे वेग कमी होतो, डिस्क खाली बसू लागते, हवा खालून लागते आणि तोच जोर मध्याच्या पुढे सरकतो. आता नाक उचललं जातं, म्हणून उजवी कड वर येते आणि डिस्क डावीकडे जाते. म्हणजे दोन्ही वळणं एकाच नियमाची! बदलली ती फक्त जोराची जागा. मला विचाराल तर या खेळातलं सर्वांत देखणं कोडं हेच.

मग वारा काय करतो? इथे एक गोष्ट मनात पक्की धरायला हवी. डिस्कला जमीन कळत नाही. आपण तिचा वेग जमिनीवरून मोजतो, तिला मात्र फक्त अंगावरून जाणारी हवा जाणवते. समजा, डिस्क ताशी ९० किलोमीटरने सुटली आणि समोरून ताशी १८ किलोमीटरचा वारा आहे. तिच्या लेखी वेग झाला १०८. उचलणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे तो तब्बल ४४ टक्क्यांनी वाढला! वारा तेवढाच, पण पाठीमागून असेल तर तिच्या लेखी वेग ७२ आणि जोर ३६ टक्क्यांनी कमी. झाडाच्या बारीक फांद्या हलवण्याएवढी झुळूक, आणि एवढा फरक.

म्हणूनच समोरच्या वाऱ्यात डिस्क वर चढते आणि उजवीकडे जास्त उलटते. पाठीच्या वाऱ्यात ती लवकर बसते आणि लवकर डावीकडे वळते. नवखा खेळाडू समोरचा वारा बघून आणखी ताकद लावतो आणि उलटणं आणखी वाढवतो. जाणता खेळाडू ताकद आवरतो, सहजासहजी न उलटणारी डिस्क निवडतो किंवा तिची डावी कड थोडी खाली धरून सोडतो. आडव्या वाऱ्याची गंमत वेगळीच. डावीकडे कललेल्या डिस्कवर डावीकडून वारा आला तर तो तिच्या पाठीवर बसतो आणि तिला खाली दाबतो. उजवीकडून आला तर पोटाखाली शिरून तिला उचलून दूर नेतो.

खेळाडूच्या हातात उरतं काय? वेग, गिरकी, कल आणि नाकाचा कोन. बस्स. हे सगळं ठरतं ते शेवटच्या क्षणभरात. खेळाडू लक्ष्याकडे जवळजवळ पाठ करतो. पुढचा पाय रोवला जातो, मग कंबर फिरते, खांदा उलगडतो, कोपर पुढे येतं, डिस्क छातीजवळून सरकते आणि मनगट शेवटी सुटतं. पायातून निघालेला जोर टप्प्याटप्प्याने बोटांपर्यंत पोचतो. नुसत्या दंडाच्या ताकदीने फेकणाऱ्याला हे साधत नाही. आणि सुटताना नाक चार-पाच अंश जरी जास्त उचललं गेलं, तरी डिस्क चढते, दम सोडते आणि खाली येते; समोर वारा असेल तर अर्ध्या वाटेवरच.

२०१६ साली नेवाडाच्या वाळवंटात डेव्हिड विगिन्स ज्युनिअर यांनी ३३८ मीटरचा जागतिक विक्रम केला, तोही पाठीच्या वाऱ्यात. पाठीचा वारा डिस्क खाली बसवतो असं आत्ताच म्हटलं ना? बसवतोच. पण तिथे डिस्क खूप उंच फेकतात. एकदा उंची मिळाली की ती खाली येईपर्यंतचा सगळा वेळ वारा तिला पुढे वाहून नेतो. तुमच्या हाती कधी डिस्क आली, तर फेकण्याआधी चिमूटभर गवत हवेत सोडून बघा. हे खेळाडूसुद्धा तसंच करतात.