चार्जर ‘फुल’ दाखवतो, पण प्रत्येक सेल फुल असतो का?

ई-सायकलच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीत साधारणपणे १३ लिथियम-आयन सेल सीरिजमध्ये जोडलेले असतात. एका सेलची मर्यादा ४.२ व्होल्ट, म्हणून चार्जर ५४.६ व्होल्टवर थांबतो. गोची इथेच आहे. चार्जरला फक्त बेरीज दिसते. १२ सेल ४.१९ व्होल्टवर आणि एक ४.३२ वर असला, तरी बेरीज तीच! असा सेल लवकर खराब होतो, पेटण्याचाही धोका वाढतो. म्हणून बीएमएस हे सर्किट प्रत्येक सेल स्वतंत्र मोजते आणि गरज पडल्यास चार्जिंग तोडते. पुढे गेलेल्या सेलमधली जादा वीज ते रेझिस्टरमधून उष्णतेच्या रूपात सोडते, हेच बॅलन्सिंग. हा प्रवाह अनेकदा १०० मिलिअँपिअरहूनही कमी, त्यामुळे तासन् तास लागतात. शिवाय अनेक पॅकमध्ये हे काम चार्जिंगच्या शेवटीच सुरू होते. रोज ९० टक्क्यांवर प्लग काढला, तर बॅलन्सिंगची वेळच येत नाही.